घरचं हॉट चॉकलेट दाट का होत नाही?

साखरफुटाणा (धागाकर्ती), १४ डिसेंबर, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. सुदामानगर, इंदूरहून लिहितेय. परवापासून असं गार वारं सुटलंय की गॅलरीत पाय टाकवत नाही. लेकीचा अभ्यास रात्री साडेअकरापर्यंत चालतो आणि मधेच "आई, काहीतरी गरम दे ना" सुरू होतं. मागच्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर एका कॅफेत हॉट चॉकलेट पिऊन आली, तेव्हापासून आमच्या घरात हळदीच्या दुधाला आणि मसाला दुधाला कोणी विचारेना. ते म्हणे "चमचा उभा राहील इतकं दाट" होतं.

म्हटलं, त्यात काय, घरी करू. आधी डब्यातली गोड ड्रिंकिंग चॉकलेट पावडर गरम दुधात घातली. नवऱ्याने एक घोट घेतला आणि विचारलं, "मी आजारी आहे का?" मग बिनसाखरेची कोको पावडर आणून उकळत्या दुधात टाकली, तर अर्धी गुठळ्या होऊन तरंगली, अर्धी तळाशी बसली आणि मधलं दूध पांढरंच राहिलं. तिसऱ्या दिवशी केकच्या सामानाच्या दुकानातली स्वस्त लादी किसून घातली. वर तवंग आला, रश्श्याला येतो तसा. काल सासूबाई म्हणाल्या, साखरेऐवजी गूळ घाल, थंडीचा चांगला असतो. घातला. पनीर झालं. चॉकलेटी पनीर.

रात्री ११ वाजता करता येईल अशी, घरातल्या वस्तूंची पाककृती कोणी देईल का? आणि चुकतंय कुठे तेही सांगा.

भिया_इंदूरवाले, रात्री ११:२२

ताई, चॉकलेटी पनीरवर जीरावन (आपला पोह्यांवरचा मसाला) भुरभुरा आणि छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत ठेला लावा. इंदूर आहे, चालून जाईल!

घोटीव, रात्री ११:५८

साखरफुटाणा, तुमचं सगळं पहिल्या दोन मिनिटांत बिनसतंय. कोको पावडर साखरेसारखी विरघळत नाही हो. ते पीठ आहे, दुधात फक्त पसरून राहतं. पिठलं करताना बेसन थेट आधणात ओततो का आपण? गुठळीचं बाहेरचं अंग पाणी पिऊन फुगतं, आतली पावडर कोरडीच कोंडून राहते. कोकोतही स्टार्च असतो, म्हणून हीच गत.

मी दोन मोठ्या मगांसाठी असं करते. जाड बुडाच्या पातेल्यात दोन टेबलस्पून कोको, दोन टेबलस्पून साखर आणि चिमूटभर मीठ कोरडंच कालवून घ्यायचं. साखरेचे दाणे पावडरीत शिरले की गुठळ्या आपोआप कमी होतात. त्यात कढत पाणी एका वेळी चमचाभरच घालत घोटायचं, तीन-चार चमचे पुरतात. सहाणेवर उगाळलेल्या गंधासारखं चकचकीत दिसायला हवं. मग मंद गॅसवर ठेवून त्याला मिनिटभर बुडबुडे येऊ द्यायचे. कोकोचा कच्चा, धुळीसारखा वास याच मिनिटात जातो आणि स्वयंपाकघरात खऱ्या चॉकलेटचा दरवळ सुटतो. बहुतेक लोक नेमकं हेच मिनिट वाचवायला जातात.

आता गरम दूध, पुन्हा थोडं थोडं, सतत ढवळत. एकूण ४०० मिली. वाफा निघायला लागल्या, कडेला बारीक बुडबुडे आले की गॅस बंद. डार्क चॉकलेट असेल तर ५०-६० ग्रॅम बारीक चिरून तेव्हा घालायचं आणि मिनिटभर हात न लावता झाकून ठेवायचं. मग रवीने घुसळायचं. हो, ताकाचीच रवी, पण ताकाचा वास धुऊन काढलेली. हे मी अनुभवाने सांगतेय.

शिक्रण, १५ डिसेंबर, सकाळी ७:४०

घोटीव, "गंधासारखं" वाचून लगेच कळलं. धन्स. दुधात मीठ हे मात्र वाचवेना.

टेस्टट्यूब, सकाळी ९:१५

तिसऱ्या प्रयोगाबद्दल. लादीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यात कोको बटरऐवजी (म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीऐवजी) हायड्रोजनेटेड वनस्पती तेल दिसलं तर ते कंपाउंड चॉकलेट. केकवर ओतायला सोपं, उन्हाळ्यात टिकतं, म्हणून ती दुकानं ते ढिगाने ठेवतात. पिण्यासाठी मात्र निरुपयोगी. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडातल्या उबेपेक्षा जरा खाली. जिभेवर जे मखमली वाटतं ते हेच. कंपाउंडमधलं तेल टाळूला मेणासारखं चिकटून बसतं. तुमच्या तवंगात जास्त आचेचाही हात असणार, चॉकलेट खळाखळा उकळलं की स्निग्धांश सुटा होतो. डब्यातल्या गोड पावडरीवरही घटक वाचा, पहिलं नाव बहुधा साखरेचंच असतं. तुमच्या यजमानांचा प्रश्न रास्त होता.

गुळाचं कारणही सोपं आहे. गूळ किंचित आंबट असतो, साधी कोकोही आंबट (पीएच साडेपाचच्या आसपास). दोघं मिळून कढत दुधात शिरले की दूध फाटणारच. गूळच हवा असेल तर तो पाण्यात वितळवून, गाळून ठेवा, आणि गॅस बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांनी मिसळा. बासुंदीत गूळ घालणाऱ्यांना हे पाठ असतं.

बाजारात दोन तऱ्हेची कोको मिळते. एक साधी, फिकट तांबूस आणि आंबटसर. दुसरी डच, म्हणजे क्षाराने आंबटपणा मारलेली, काळपट आणि सौम्य. नाव डच, कारण हॉलंडच्या व्हॅन हाउटेन घराण्याची देणगी. १८२८ मध्ये त्यांच्याकडे कोको दाबून चरबी काढायच्या यंत्राचं पेटंट आलं. त्याआधीचं चॉकलेट पेय म्हणजे वर लोणी तरंगणारा काढाच असायचा. म्हणजे साखरफुटाणा, तुमचा तवंग ऐतिहासिक आहे. :) हॉट चॉकलेटला मी डच घेतो. घरी साधीच असेल तर घोटीव यांच्या त्या कोको-पाण्याच्या लेपात सुरीच्या टोकावर मावेल एवढा खायचा सोडा घाला. रंग गडद होतो आणि दूध फाटायची भीतीही कमी होते. चमचाभर घातलात तर साबण पिल्यासारखं लागेल.

राजवाडाकर_काका, सकाळी १०:०५

लेप, सोडा, पीएच, सगळं वाचलं. पण मंडळी, दुधाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही! इंदुरात बसून?

हिवाळ्यात रात्री सराफ्यात चक्कर मारा. सोन्या-चांदीच्या पेढ्यांची शटरं पडली की त्यांच्याच ओट्यांसमोर ठेले लागतात. गराडूचा (तळलेल्या कंदाचा) घाणा निघतो, त्यावर लिंबू आणि मसाला. आणि जरा पुढे भल्या मोठ्या कढईत केशरी दूध तासन् तास मंद आचेवर असतं. भिया झाऱ्याने साय कडेला लावत जातो आणि कुल्हडात देताना त्यातला एक लपका वर टाकतो. ते दूध दाट होतं ते कशाने? त्यात कॉर्नफ्लॉवर नाही की काही नाही. दूध आटलं की दाट होतं, एवढंच. लेकीच्या कॅफेवाल्याने चमचा उभा केला असेल तो पिठाच्या जोरावर.

तेव्हा पातळ टोन्ड दूध घेऊच नका. त्यात ३ टक्के फॅट, फुल क्रीमच्या पिशवीत ६. अर्धा लिटर घ्या, त्याचं पाऊणपट होईपर्यंत आटवा, मग तुमचा तो लेप. मीठ अजिबात नाही. दूध-मीठ विरुद्ध आहार, आमच्या आईने कधी चालू दिलं नसतं.

घोटीव, सकाळी १०:३०

काका, आटवण्याला अनुमोदन. पण धागाकर्तीला रात्री ११ वाजता हवंय, तेव्हा दूध आटवत कोण उभं राहणार? चमचाभर कॉर्नफ्लॉवर गार दुधात कालवून घातला तर काय बिघडलं? इटलीत हॉट चॉकलेट स्टार्च घालूनच दाट करतात, चमच्याने खातात जवळजवळ. फक्त तो घातल्यावर दोन मिनिटं नीट रटरटू द्यायचं, नाहीतर घशाला पीठ लागतं.

आणि मीठ चिमूटभर. कडूपणा दबतो, गोडी वर येते. तुमच्या मातोश्री भाकरी दुधात कुस्करून खात नव्हत्या का? त्या भाकरीत मीठ असायचं की नाही?

राजवाडाकर_काका, सकाळी १०:३४

भाकरीची गोष्ट वेगळी.

भिया_इंदूरवाले, सकाळी १०:३६

काका, बॅकफुटवर गेले तुम्ही!

दूरदेशी, दुपारी १:२०

मूळचा लष्कर, ग्वाल्हेरचा, सध्या इंदुरात. कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं मेक्सिकोत होतो, म्हणून हा धागा सोडवेना.

तिथे वाहाका भागात पहिल्यांदा चॉकलेट प्यायला गेलो तर बाईंनी विचारलं, पाण्यातलं की दुधातलं? पाण्यातलं हेच जुनं. तिथल्या जुन्या माया, अझ्टेक लोकांकडे गाई-म्हशी नव्हत्याच, दूध आणणार कुठून? कोको, पाणी, मिरची, सुवासिक फुलं, मक्याचं पीठ. साखर, दालचिनी आणि दूध स्पॅनिश लोक आल्यानंतरचं. ते घुसळायला लाकडी मोलिनियो असतो. दोन तळव्यांत धरून फिरवायचा, खाली खाचा पाडलेला गोंडा. हातात घेतला आणि हसूच आलं, आजीची रवी आठवली. वर जितका फेस, तितकं चॉकलेट चांगलं.

बिया वाटायचा मेताते म्हणजे सरळसरळ पाटा-वरवंटा, फक्त पाट्याला तीन पाय. आता बाजारात त्यासाठी गिरण्या आहेत. आपण दळण नेतो तसे लोक भाजलेल्या बिया, साखर, दालचिनी आणि बदाम घेऊन जातात आणि आपल्याला हवं तसं वाटून आणतात. त्या गल्लीत नुसतं उभं राहिलं तरी पोट भरतं.

पीठ घालावं की नाही यावर भांडताय म्हणून सांगतो. मेक्सिकोत चाम्पुर्रादो म्हणून दाट पेय असतं, चॉकलेट आणि मक्याच्या पिठाचं, त्यात त्यांचा उसाचा गूळ आणि दालचिनी. थंडीत सकाळी रस्त्यावर मिळतं. मी इथे मक्याच्या साध्या पिठावर करून बघितलं. दोन चमचे पीठ कोरडंच मंद भाजून घेतलं, पाण्यात कालवून दहा मिनिटं शिजवलं, मग कोकोचा लेप, गूळ, शेवटी थोडं दूध. त्यांच्या पिठाला चुन्याच्या पाण्याचा संस्कार असतो, त्यामुळे हुबेहूब चव नाही आली. पण भुट्ट्याचा कीस खाऊन वाढलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही एवढं खरं.

सरळसोट, दुपारी २:०२

एवढा खटाटोप कशासाठी? आपलं केशर-वेलदोड्याचं दूध असताना हे परदेशी फॅड हवंच कशाला?

दूरदेशी, दुपारी २:१५

मिरची, बटाटा, मका, टोमॅटो, शेंगदाणे हे सगळं अमेरिका खंडांतूनच आलंय. सरळसोट, उद्यापासून साबुदाण्याची खिचडी कशी करणार तुम्ही? साबुदाणा ज्या कंदाचा, तोही तिथलाच.

शिक्रण, दुपारी २:४०

:)) उपासाला धक्का लावू नका हो.

रच्याकने (बाय द वे), केरळात इडुक्कीला फिरायला गेलो होतो तेव्हा एका बागेतून वाळवलेल्या कोकोच्या बिया अर्धा किलो आणल्या होत्या. लोखंडी कढईत शेंगदाण्यासारख्या मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजल्या. तडतडायला लागल्या, आधी व्हिनेगरसारखा आंबट वास, मग एकदम ब्राउनीचा. हाताने चुरून सुपात पाखडल्या, सालं उडाली. (खाली टॉमी बसला होता, त्याला आधी खोलीत कोंडलं. कुत्र्यांना चॉकलेट विषारी, लक्षात असू द्या.) मिक्सरमध्ये फिरवल्यावर आधी भुकटी, मग तेल सुटून शेंगदाण्याच्या लगद्यासारखं झालं. बीमध्ये निम्म्याच्या वर चरबीच असते ना. वास स्वर्गीय. पण कितीही फिरवलं तरी जिभेला कचकच लागतेच, मिक्सरही तापून बंद पडला. कारखान्यात दिवस-दिवस वाटतात ते उगाच नाही. तेव्हा "अगदी मुळापासून" म्हणजे कुठपासून हे ज्याने त्याने ठरवावं. मी कोको पावडरीपासून म्हणते.

बडोद्याची_सून, दुपारी ३:३०

मांजलपूर, वडोदरा इथून सलाम! इथे आणंदची डार्क चॉकलेटं सहज मिळतात, मी ५५ टक्के कोकोवाली घेते. ७५ च्या पुढे गेलं तर साखर वाढवावी लागते, मग उपयोग काय?

स्वादाबद्दल कोणी फारसं बोललं नाही म्हणून. आमच्या माहेरी कॉफीत जायफळ, तेच इथेही. पण जायफळ शेवटी, मगात, किसणीवर दोन फेऱ्या. उकळलं की उग्र होतं. दालचिनी आणि वेलदोडा दूध तापत असतानाच. दालचिनी जाड सालीची असेल तर बोटाच्या पेराएवढा तुकडा बस, पातळ पापुद्र्यांची असेल तर दुप्पट. संत्र्याची चव हवी असेल तर सालीचा केशरी भाग किसून, रस चुकूनही नाही. आणि आलं! थंडी म्हणून मी एकदा किसून थेट दुधात घातलं आणि तुमच्यासारखंच पनीर. आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं. आधी पाण्यात खळखळून उकळून घ्या, ते पाणी लेपाला वापरा. चिमूटभर इन्स्टंट कॉफी घाला. कॉफी लागत नाही, चॉकलेट जास्त लागतं.

राजवाडाकर_काका, दुपारी ४:१०

सून, जायफळाला पूर्ण पाठिंबा. दालचिनी सियागंजात सुटी घ्या, नाकाला लावून. पुड्यातली नको.

साखरफुटाणा, १७ डिसेंबर, रात्री १२:२५

अहवाल देते! सगळ्यांना धन्यवाद, धागा दोनदा वाचून काढला.

काकांचंही ऐकलं आणि घोटीव यांचंही. संध्याकाळी स्वयंपाक चालू असतानाच शेजारच्या शेगडीवर अर्धा लिटर फुल क्रीम दूध दालचिनी आणि दोन वेलदोडे घालून मंद ठेवलं. पोळ्या होईस्तोवर पाऊण झालं, गाळून झाकून ठेवलं. म्हणजे रात्री उभं राहायचं काम नाही. अकराला लेप घोटला. पहिल्या तीन चमचे पाण्याला वाटलं, हे काही जमत नाही, नुसता चिखल! चौथ्या चमच्याला एकदम चकाकी आली. बुडबुड्यांचं ते मिनिट मोबाइलवर वेळ लावून पाळलं. दूध गरम करून ओतलं, गॅस बंद, चिरलेलं चॉकलेट ५० ग्रॅम, झाकण, रवी. कॉर्नफ्लॉवर घातलाच नाही, गरज पडली नाही.

चमचा उभा राहिला नाही. पण बुडवून काढला की पाठीवर थर राहतो, बोटाने रेघ ओढली तर मोडत नाही. लेक पहिला घोट घेऊन गप्प बसली. मग म्हणाली, "कॅफेतलं फार गोड होतं." सोळा वर्षांच्या मुलीकडून एवढी दाद म्हणजे पुष्कळ.

नवऱ्याने दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा संपलं होतं. एक वाटी मी मुद्दाम लपवून फ्रिजमध्ये ठेवली होती, सकाळी ती पुडिंगसारखी घट्ट झालेली. दोन चमचे दूध घालून मंद आचेवर पुन्हा पातळ होते, पण मी तशीच खाल्ली. ओट्याशी उभ्यानेच, कोणी उठायच्या आत.

सासूबाईंनी जायफळ घालून अर्धा कप घेतला. "बासुंदीच्या वळणावर गेलंय, छान आहे," म्हणाल्या. मग म्हणे, "बघ, दुधात मीठ घालायला सांगतात हल्ली लोक. नाही घातलंस तेच बरं केलंस."

घोटीव, १७ डिसेंबर, सकाळी ६:५०

घातलं होतंत ना?

साखरफुटाणा, सकाळी ७:०५

घातलं होतं.

बडोद्याची_सून, सकाळी ८:३०

:)))) गुळाचं काय झालं? पुन्हा केलंत का?

साखरफुटाणा, सकाळी ८:४१

रविवारी करणार, टेस्टट्यूब यांच्या पद्धतीने. यावेळी वाटीभर दुधावर. फाटलं तर नुकसान कमी.

राजवाडाकर_काका, सकाळी ११:२०

आमच्याकडेही काल सौभाग्यवतींनी केलं. बिनमिठाचं, असं त्या म्हणतात. तुमच्या धाग्याचा दुवा मीच दिला होता. चव जरा जास्तच खुलली होती. दोनदा विचारलं, आणखी काय घातलंस म्हणून. सांगत नाहीये.